तलवारीशेजारचा कॅमेरा

इंदूर, २४ सप्टेंबर २०२५

ती. दादास मंगलाचा शि. सा. नमस्कार.

कॅमेरा आला. सोबत आलं ते असं: कॅमेरा एक, त्याचं भिंग एक (तुम्ही लिहिलं होतं तेच, अठरा-पंचावन्न), बॅटऱ्या दोन, त्यातली एक थकलेली, चार्जर, गळ्यात अडकवायचा पट्टा, आणि काळी बॅग, जिची चेन मी घरी येऊन मेणबत्ती घासून चालती केली. सगळं मिळून एकोणीस हजार. कार्ड वेगळं, सहाशे. देवाला पेढे, एकशेवीस. घटस्थापनेला घरी आणला. पितृपक्षात घ्यायचा नाही म्हणून मधुरिमाला थांबवलं तर पोरगी तितके दिवस तोंड फुगवून होती. मी म्हटलं, तळ्यावरचे पक्षी पंधरा दिवसांत उडून संपत नाहीत.

आधी जेलरोडला गेलो होतो, मी आणि ती. पहिल्या दुकानातल्या मुलाने साठ हजारांचा पुढे केला. मी म्हटलं, पंचवीसच्या आत हवा, भिशीचे तेवढेच आहेत. तर म्हणतो, ‘आंटीजी, पच्चीस में तो अब ढंग का मोबाइल भी नहीं आता.’ मग समजावायला लागला की हा नवीन जमान्याचा, याच्यात आतमध्ये आरसाच नाही. मी म्हटलं, भिया, आरसा काढून घेतला तर किंमत कमी व्हायला पाहिजे, वाढली कशी? मधुरिमा मला कोपराने ढोसत बाहेर घेऊन आली. ‘आई, तू ना, प्लीज.’

दुसऱ्या दुकानात नवा आरसावाला होता, पण चाळीसच्या वर. तिथला माणूस सारखा मेगापिक्सेल मेगापिक्सेल करत होता. तुमचं पत्र माझ्या पर्समध्येच होतं. त्यात तुम्ही लिहिलंच होतं की त्या आकड्याला भुलू नको, शिकणाऱ्या मुलीला चोवीस रग्गड झाले, जुना घेतलास तरी चालेल, फक्त शटर किती वेळा पडलंय ते विचार, आणि वाचतील ते पैसे पुढे चांगल्या भिंगासाठी ठेव. म्हणून मी परत फिरले.

शेवटी मिळाला तो आपल्या माणसाकडेच. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ नीरजचं फोटोचं दुकान आहे. ह्यांचे मित्र शंकरराव, त्यांचा मुलगा. पासपोर्टचे फोटो, लग्नं, आणि आमच्या मराठी मंडळाचे सगळे कार्यक्रम तोच काढतो. त्याने स्वतःसाठी मोठा घेतला म्हणून हा विकायचा होता. मी आत शिरल्या शिरल्या विचारलं, ‘शटर किती वेळा पडलं?’ तो बघतच राहिला. मग कम्प्युटरला जोडून दाखवलं, साडेअकरा हजार. ‘काकू, हे तुम्हाला कोणी शिकवलं?’ म्हटलं, बडोद्याचे आमचे दादा, त्यांचा स्टुडिओ होता. तेव्हापासून तो माझ्याशी जरा सांभाळूनच बोलला. एकवीस म्हणत होता, थकलेल्या बॅटरीवरून दोन हजार तोडले. भिंग फिरवून वेगळं करून, आतलं दाखवून, खट्‌ करून परत बसवून दिलं. असं स्वच्छ होतं आत की काय सांगू.

आता सांभाळायचा कसा ते लिहा. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर मला मराठी लिहिता येत नाही, तेव्हा आपलं हेच बरं. वहिनींना नमस्कार.

तुमची
मंगला



बडोदे, २९ सप्टेंबर

चि. सौ. मंगलास अनेक आशीर्वाद.

सौदा चांगला केलास. एकोणिसात अठरा-पंचावन्नसकट, आणि साडेअकरा हजारच पडलेलं शटर. त्या पोराने भाव लावताना हात आखडला नाही, माणूस बरा दिसतो. आरशाचा तुझा मुद्दा मी तुझ्या वहिनीला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, बरोबरच आहे तिचं.

मधुरिमाला सांग, पहिले सहा महिने दुसरं भिंग मागायचं नाही. पक्ष्यांसाठी लांबचं भिंग लागेल, ते मला माहीत आहे. पण आधी तिने याच भिंगाने घरातली माणसं, दारातली गाय आणि भाजीवाला नीट काढून दाखवावा. लांबचं नंतर.

सांभाळण्याचं थोडक्यात. पाऊस संपेपर्यंत बंद डब्यात ठेव, औषधाच्या बाटल्यांतल्या त्या पांढऱ्या पुड्या साठवून त्यात टाक. तांदळाच्या डब्यात ठेवू नको, लोक सांगतात, ऐकू नको. भिंग काढायची वेळ आली तर पंखा बंद आणि कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे. आणि सगळ्यात मोठं हे: आतल्या आरशाला हात लावायचा नाही. बोट नाही, कापड नाही, फुंकर नाही. आपल्या घरच्या आरशाचा पारा मागे असतो, याचा पुढेच असतो, पदर फिरला तरी जातो. मधुरिमाला नीट समजावून सांग. तरुण हात आत जातात.

टपाल सणाच्या गर्दीत अडकेल, दसऱ्याचं सोनं आत्ताच देऊन ठेवतो.

तुझा
रघुवीरदादा



इंदूर, ५ ऑक्टोबर

ती. दादास शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र दसरा झाल्यावर, काल आलं.

सण ठीक झाला. खंडेनवमीला ह्यांच्या घराण्यातली तलवार काढतो ती काढली, तिची पूजा केली. विळी, शिवणाचं मशीन, ह्यांची स्कूटर, आणि या वर्षी तलवारीशेजारी कॅमेराही ठेवला. नैवेद्याला पुरणपोळी होती.

लिहायचं कारण वेगळं आहे. कॅमेरा बिघडलाय. दसऱ्याला मधुरिमाने आमचे सगळ्यांचे फोटो काढले तर प्रत्येकात वरच्या बाजूला डाग आणि एक धुरकट पट्टा. डोळा लावला की आतही कण दिसतात. भिंग पुढे-मागे घुरघुरत राहतं, चेहऱ्यावर थांबतच नाही. एक फोटो छापून आणलाय, तो सोबत पाठवते. ह्यांच्या फेट्यावर जो डाग आहे तो फेट्याचा नाही.

मधुरिमा म्हणते, हा आधीच आतून खराब होता, दुकानात नेमका दिसू दिला नाही. तिने मला विचारलं, ‘तू तर नाही ना उघडलास काही?’ मी नाही म्हटलं. ह्यांना तुम्ही ओळखताच. सकाळीच कॅमेरा पिशवीत घालून नीरजकडे गेले. त्याने आत टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाला, ‘काका, ठेवून जा, बघतो.’ बाकी काय भी बोलला नाही. हे म्हणतात, बोलायला तोंडच नव्हतं त्याच्याकडे.

दादा, एवढंच विचारायचं होतं की असं आपोआप होतं का? म्हणजे हवेने, किंवा बॅगेतल्या धुळीने? आणि समजा कुणी नकळत आतल्या आरशाला बोट लावलंच, तर एवढं होतं का, की एवढं व्हायला दुसरंच काही कारण लागतं? तुम्ही ‘पदर फिरला तरी’ असं लिहिलंय, ते नुसतं बोलण्यातलं आहे ना?

हे तुमच्या उत्तराची वाट बघतायत. म्हणतात, रघुवीररावांचं मत आलं की मग बोलतो त्या पोराशी.

मंगला



बडोदे, ९ ऑक्टोबर

चि. सौ. मंगलास आशीर्वाद.

फोटो खिडकीत धरून, भिंगाखाली पाहिला. नीरजबद्दल चांगलं लिहिलं होतं ते मागे घेतो.

ही धूळ नव्हे. धुळीचा ठिपका बारीक आणि गोल पडतो. हे कण जाड आहेत, आणि तो पट्टा म्हणजे ओलसर हाताने किंवा कापडाने आत केलेली पुसापुशी आहे. आरशावरची भुकटी शटर पडताना मागे उडते आणि फोटो उमटतो त्या काचेवर जाऊन बसते. भिंग चेहऱ्यावर थांबत नाही तेही त्याचंच, भिंगाला नेम दाखवणारा खालचा डोळा झाकला गेलाय. हवेने किंवा बॅगेने एवढं होत नाही. कुणीतरी कॅमेरा उघडून आत हात घातलेला आहे.

तुमच्या घरात कुणी उघडला नसेल तर मग हे विकणाऱ्याचंच काम. आतलं काहीतरी लपवण्यासाठी वरवर साफ करून तुझ्या गळ्यात मारला. आमच्या धंद्यात अशी माणसं असतात, आणि त्यांच्यामुळे चांगल्यांवरही कुणी भरवसा ठेवत नाही. पैसे परत मागावेत. जयसिंगरावांना हे पत्र दाखव, हवं तर त्यालाही दाखवा. लेखी आहे, माझी सही आहे.

रघुवीर



इंदूर, १५ ऑक्टोबर

ती. दादास.

हे पत्र ह्यांना न दाखवता लिहिते आहे. उत्तर पाठवाल ते माझ्या एकटीच्या नावाने पाठवा.

नीरजने काही केलेलं नाही. मी केलं.

आमच्याकडे खंडेनवमीला शस्त्र म्यानात ठेवून पुजत नाहीत. सासूबाईंनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, उघडं केल्याशिवाय पूजा लागत नाही, झाकलेल्याला वाहिलेलं कुंकू म्यानाला जातं. तलवार काढतो, विळीची पाती उघडतो, मशीनचं झाकण बाजूला ठेवतो. कॅमेऱ्याचं पुढचं टोपण काढलं, तर खाली भिंगाची काच. मला वाटलं, हेही झाकणच, खरं आत असणार. नीरजने दुकानात कसं वेगळं केलं ते मी बघितलं होतं. बटण दाबलं, फिरवलं, खट्‌ झालं. आत एवढासा आरसा. त्यात मला माझंच कपाळ दिसलं, कुंकवासकट. मला वाटलं, हीच त्याची देवता. मन अगदी भरून आलं हो. अनामिकेने हळद लावली, कुंकू लावलं, वर अक्षता वाहिल्या. पोरीच्या हाताला यश दे म्हटलं.

कुंकू जरा जास्त झालं. एक-दोन दाणे आत सरकले. म्हटलं बाई हे बरं दिसत नाही, म्हणून फुंकलं, आणि पदराने पुसून घेतलं. भिंग परत बसवलं. दुपारी तलवार म्यानात गेली आणि कॅमेरा बॅगेत.

मधुरिमाने विचारलं तेव्हा ‘नाही’ तोंडातून निघून गेलं. तिने ‘उघडलास का’ असं विचारलं होतं आणि माझ्या मनात, मी तर पूजा केली, उघडला कुठे, असं आलं. खोटं बोलायला मी कुठला तरी बोळ शोधला, दुसरं काय. मग तुमचं पत्र आलं, त्यात बोट नाही, कापड नाही, फुंकर नाही. मी तिन्ही केलेलं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तुम्हाला ‘समजा कुणी’ असं लिहिलं.

तुमचं दुसरं पत्र ह्यांनीच फोडलं. मोठ्याने वाचत होते. ‘तुमच्या घरात कुणी उघडला नसेल तर’ इथे थांबले, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘आपल्या घरात कोण उघडणार?’ मी पोळीवर तूप लावत होते, तशीच लावत राहिले.

रविवारी मंडळाची बैठक होती, दिवाळी पहाटेच्या तयारीची. मला वाटलं होतं हे नीरजला बाजूला घेऊन बोलतील. पण ह्यांनी उभं राहून सगळ्यांसमोर तुमचं पत्र वाचलं. ‘बडोद्याचे तज्ज्ञ’ असं म्हणून. नीरज मागे खुर्च्या लावत होता. अध्यक्ष अप्पासाहेब म्हणाले, असं असेल तर पहाटेचे फोटो आपण दुसऱ्याला देऊ, आणि पत्र इकडे द्या. एका बाईंनी लगेच सांगितलं की त्यांच्या भाचीच्या लग्नातलेही फोटो काळपट आले होते. मधुरिमाने आदल्या दिवशीच कुठल्या ग्रुपवर लिहिलं होतं त्याच्याविषयी, तेही निघालं. नीरज पुढे आला, ह्यांना म्हणाला, ‘काका, उद्या पैसे घेऊन जा.’ आणि खुर्च्या लावून मगच गेला.

पैसे आले. पूर्ण एकोणीस हजार. कॅमेरा त्याच्याकडेच राहिला. मधुरिमा म्हणाली, ‘बघ, दिले ना गप? म्हणजे होतंच काहीतरी.’ मी ते पाकीट देवघराच्या फडताळात ठेवलं होतं, तिथे ठेववेना, गव्हाच्या कोठीवर ठेवलं. जपाला बसते तर माळ हातात राहते, नाव येत नाही. मी आजवर भाजीवाल्याने चुकून जास्त दिलेली कोथिंबीरही परत केली आहे दादा.

तुम्ही एक कराल का? ह्यांना पत्र लिहा की पुन्हा विचार केला, असं दमट हवेनेही होऊ शकतं, कुणाचाच दोष नाही. तुमचं ते ऐकतील. नीरजवरचं जाईल आणि माझंही झाकलं राहील. तुम्ही मोठे आहात, तुमच्या जिवावर हे मागते.

मंगला



बडोदे, १९ ऑक्टोबर

चि. मंगला,

तुझं पत्र वाचून आधी हसलो. कुंकवाचा आरसा डोळ्यासमोर आला. वहिनीने विचारलं काय झालं, आणि सांगता सांगता तुझी ती खुर्च्या लावणारी ओळ आली. तिथे दोघांचंही हसू गेलं.

दमट हवा! अगं, इंदुरात, ऑक्टोबरात! ते तर जाऊ दे, माझ्याच मागच्या पत्रात मी लिहून बसलोय की हवेने होत नाही. पण उद्या तुमच्याकडे महापूर आला असता तरी मी हे लिहिलं नसतं. तुला वाटतं त्याने नीरजवरचं जाईल. जाणार नाही. ‘बडोदेवाल्याचं मत बदललं’ एवढंच म्हणतील, आणि ‘काहीतरी होतंच’ ते तसंच राहील.

माझंही वागणं बरं नव्हतं. कॅमेरा हातात न घेता, एका फोटोवरून मी एका पोराला चोर ठरवलं, वर सहीचा डौल. तू ‘समजा कुणी’ असं लिहिलं होतंस ते मी वाचलं, आणि मला वाटलं मधुरिमाची चूक तू झाकते आहेस. तरी विचारलं नाही, कारण मत द्यायची हौस. माझं ते पत्र परत घेऊन फाडून टाक.

तुला काय करायचं ते तुला माहीत आहे, म्हणून तर मला दुसरं काही करायला सांगितलंस. आधी नीरजकडे जा. मग घरी सांग. उलट क्रमाने करू नको, जयसिंगराव तुला जाऊ देणार नाहीत.

कुंकू लावलंस त्यात पाप नाही. एवढं म्हाताऱ्या भावाचं ऐक. भाऊबीजेची ओवाळणी वेगळी पाठवली आहे.

दादा



इंदूर, २८ ऑक्टोबर

ती. दादास शि. सा. नमस्कार.

पत्र भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मिळालं, ओवाळणी मिळाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन निघाले ती सरळ कृष्णपुऱ्याला.

नीरज एका म्हाताऱ्याचा पासपोर्ट फोटो काढत होता. ‘चच्चा, हनुवटी जरा ऊपर, अरे इतनी भी नहीं.’ मला बघून म्हणाला, ‘बसा काकू.’ चहा मागवायला लागला, मी नको म्हटलं. म्हातारा गेल्यावर मी सगळं सांगितलं, तलवार, म्यान, बटण, पदर. तो काउंटर पुसत ऐकत होता.

म्हणाला, ‘माहीत आहे मला. काका पहिल्यांदा घेऊन आले ना, तेव्हाच टॉर्चमध्ये तांदळाचा दाणा दिसला. लाल झालेला.’

मी म्हटलं, ‘मग बोलला का नाहीस रे?’

‘काय बोलू? काका समोर उभे. त्यांना सांगू का, तुमच्या घरची अक्षता आहे म्हणून? मला वाटलं, साफ करून देतो, बात खतम. मग मंडळात झालं तेव्हा वाटलं, पैसे देऊन टाकतो, मिटेल. धंद्यात असं करावं लागतं काकू, कस्टमरला खोटं पाडून काम नाही टिकत.’ मग म्हणाला, ‘मिटलं नाही ना पण. पहाटेचं गेलं. दोन लग्नं होती, त्यांनीही ॲडव्हान्स परत मागितला.’

मी हात जोडले तर तो मागे सरकला. ‘ते राहू द्या. माझ्यासमोर बोलून काय होणार, मला तर माहीतच होतं. जहाँ बात हुई थी वहीं बोलिए.’

पैशाचं पाकीट नेलं होतं. कॅमेरा त्याने साफ करून ठेवला होता. म्हणाला, न्यायचा असेल तर एकोणीस, वर साफसफाईचे पंधराशे. मी कमी कर म्हटलं नाही. कॅमेरा घेऊन आले.

जेवणं झाल्यावर ह्यांना आणि मधुरिमाला एकत्रच सांगितलं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘अक्षता पण?’ मी हो म्हटलं. ‘आणि मी तिथे उभा राहून, ते पत्र...’ नंतर म्हणाले, मंडळात मी बोललोय, तू बोलायचं नाहीस, मी बघतो काय ते. मी म्हटलं, तुम्हाला खोटं मीच बोलायला लावलं, तेव्हा बोलणार मीच. लग्न झाल्यापासून ह्यांना अशी कधी बोलले नव्हते. मधुरिमा रडायला लागली. ‘आई, मी त्याला ग्रुपवर चोर लिहिलंय.’ मी म्हटलं, मग तिथेच दुसरं लिही. तिने लिहिलं, नीरजची माफी मागून, माझं नाव घालून. मीच घाल म्हटलं.

रविवारी मंडळाचा दिवाळीचा मेळावा होता. फराळाच्या आधी मी उभी राहिले. सगळं सांगितलं, शंकरराव समोर बसले होते त्यांच्याकडे बघून. नीरज आला नव्हता.

दादा, लोक हसले. वाईट नाही हसले, कौतुकानेच हसले. कुणी म्हणालं, ‘वहिनी, फ्रीजच्या आतही लावता का?’ सुलोचनाबाई तर डोळे पुसत होत्या हसून हसून. मी म्हटलं, हसू नका, त्या मुलाची कामं गेली आहेत. तेव्हा जरा शांत झाले. मग अप्पासाहेब उठून म्हणाले, ‘मंगलावहिनींचं मन मोठं आहे, नीरजला वाचवायला स्वतःवर घेतायत. पण कॅमेऱ्यातलं बायकांना काय कळणार? आपल्याकडे तज्ज्ञांचं लेखी मत आहे.’ आणि टाळ्या वाजल्या. माझ्या मोठ्या मनासाठी. मी ओरडून सांगितलं की अहो खरंच मी केलं, तोवर चिवड्याच्या प्लेटा फिरायला लागल्या होत्या. शंकरराव प्लेट न घेता उठून गेले.

हे शेवटच्या रांगेत होते. घरी येताना स्कूटरवर म्हणाले, ‘मी सांगितलं असतं तर हसले नसते.’ मी म्हटलं, मला माहीत आहे. पण तेव्हा ह्यांनीही उठून सांगितलं नाही, आणि तेही त्यांना माहीत आहे.

तुम्ही पत्र परत घेऊन फाडायला सांगितलंत. मी अप्पासाहेबांकडे मागायला गेले होते. ते मंडळाच्या फायलीत लावलंय, पानाला नंबर घालून. एकदा लागलेला कागद काढता येत नाही म्हणाले, नियम आहे. वर लावता येतो.

तेव्हा तुम्ही दुसरं पत्र लिहायचं. अध्यक्षांच्या नावाने, पहिल्यासारखंच, भिंगाखाली बघितलं आणि काय दिसलं ते सगळं शास्त्र घालून, खाली सही. कॅमेरा कालच रजिस्टर पार्सलने तुमच्याकडे पाठवला आहे, म्हणजे या वेळी हातात घेऊन बघून लिहाल. नीरजने साफ केला आहे, पण आरशाच्या वर जी दुधी काच असते तिच्यावर माझ्या पदराच्या जरीचे ओरखडे राहिलेत, ते बघा. ह्यांनी सांगितलंय, ‘पत्र आलं की बैठकीत मीच वाचणार, आणि वाचून झाल्यावर नीरजकडे पायी जाणार.’ मी त्यावर हो-नाही म्हटलेलं नाही. आधी वाचू देत.

एक करा. ‘घरातल्या कुणाकडून अनवधानाने’ असं काही लिहू नका. तुम्हाला माझी लाज वाचवावीशी वाटेल, म्हणून आधीच सांगते. माझ्या बहिणीने, मंगला जयसिंगराव हिने, आणि मग काय केलं ते. हळद, कुंकू, अक्षता, फुंकर, पदर. आणि विचारल्यावर नाही म्हणाली, हेही.

पुढची बैठक नऊ तारखेच्या रविवारी आहे. कॅमेरा पोचला का, आणि पत्र कधी टाकताय, एवढं उलट टपाली कळवा.

तुमची
मंगला